करवतीचं गोड बोलणं

"हा विळा आहे का म्हाताऱ्याचा दात? हलतोय, किडलाय, वर वासही मारतोय. ठेवला कुठं होतास, गोठ्यात?"

"मग काय उशाला घेऊन झोपू?"

"झोप की. तेवढीच बायको सुटेल."

भर रस्त्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, दूधवाला कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. विळा हिसकावून तरातरा निघून जावं असं त्याच्या मनात आलं असणार. पण घरी म्हशी गवतासाठी हंबरत होत्या आणि धार लावणारं दुकान आसपासच्या गावांत हे एकच. त्यानं मान खाली घातली. करवतीनं पायाखालची फळी दाबली, दगडाचं चाक गरगरलं, ठिणग्या उडाल्या. मग तिनं विळा अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिला आणि त्याच्यापुढं टाकला.

"घे. वापरून झाला की पुसून ठेवत जा. पुसणं म्हणजे काय ते म्हशीला विचार, ती तुझ्यापेक्षा स्वच्छ आहे."

करवत हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. गावानं ठेवलेलं. कुऱ्हाड एकदाच कापते, करवत जाताना कापते आणि येतानाही. सांगतात की ती जन्मली आणि तिनं पहिला ट्यँहा केला, तेव्हा सुईणीनं हात जोडले आणि म्हणाली, "बरं बाई, चुकलं माझं." एकदा आडात बादली अडकली होती. चार गडी दोर ओढून दमले. हिनं काठावरून आत डोकावून दोन शब्द सुनावले, तर दोर, बादली आणि कुणाची तरी वर्षानुवर्षं तळाशी बसलेली घागर अशी तिन्ही निमूट वर आली. ज्याला खोटं वाटेल त्यानं ती घागर बघून यावी. अजून तिची मान खाली आहे.

आणि गावही काही साखरेच्या पाकातलं नव्हतं. निम्मं गाव आळशी आणि उरलेलं निम्मं त्या आळशांवर जळणारं. विळ्यानं दगड फोडायचे, कुऱ्हाडीनं खिळे उपटायचे, आणि मग बोथट झालं म्हणून लोहाराच्या नावानं खडे फोडायचे, ही त्यांची रीत. माणसाची लायकी त्याच्या हत्यारावरून कळते असं करवतीचा बाप म्हणायचा. म्हणून बाप आयुष्यभर कुणाशी फारसं बोलला नाही. लेकीनं मात्र बापाचं सगळं राहिलेलं बोलणं व्याजासकट उरकायला घेतलं होतं.

बाप गेला आणि मागं राहिलं काय, तर एक चाक, रस्त्याकडेची एक खोली आणि त्याचा एक भाऊ. चाक फिरत होतं, खोली गळत होती आणि भाऊ टपून बसला होता. हा तिचा काका. आयत्या बिळावरचा नागोबासुद्धा निदान फणा काढतो. हा नुसता दारात उकिडवा बसायचा आणि खोलीच्या भिंती नजरेनं मोजायचा.

"पोरी, मी काही राक्षस नाही," तो म्हणाला. असं ज्याला तोंडानं सांगावं लागतं तो कोण असतो ते तुम्हीच ओळखा. "खोलीत माझाही वाटा आहे. ही कापणी संपेपर्यंत चालव तुझं दुकान. चाललं तर खोली तुझी, मी पुन्हा नाव काढणार नाही. नाही चाललं तर मी तिथं खताची पोती रचीन. तू थोरलीकडं जा. तिला पोरं सांभाळायला कुणीतरी हवंच आहे."

थोरली म्हणजे करवतीची मोठी बहीण. तिच्या घरी पोरांचा असा सुळसुळाट होता की जेवायला बसवताना शेजारची एखाददुसरी मिसळली तरी कळायचं नाही. तिथं गेलेली बाई परत येत नाही, विरून जाते. करवतीनं आईकडं पाहिलं. आईनं चुलीकडं पाहिलं.

"काका," करवत म्हणाली, "पोती नीट मोजून ठेवा. नाहीतर रचायला जागा पुरायची नाही, आणि तुम्हाला घरात बसायला."

बोलली खरी, पण रात्री तिनं गल्ला तीनदा मोजून पाहिला. कारण गिऱ्हाईक येत होतं ते नाइलाजानं. ज्याला नाइलाज नव्हता तो घरच्या पायरीवरच विळा घासत होता.

त्याच सुमाराला गावात साहेब आला. कुठल्याशा संस्थेनं त्याला पाठवलं होतं, खेड्यातल्या तरण्या पोरापोरींना धंदा कसा सुरू करायचा आणि कसा चालवायचा ते शिकवायला. गळ्यात दोरीला अडकवलेलं कार्ड, पाठीवर पिशवी, आणि तोंडात एकच वाक्य: "स्वतःच्या पायावर उभे राहा." पहिल्या दिवशी शाळेच्या खोलीत, बालवाडीच्या बुटक्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसलेल्या पोरांना त्यानं हे सांगितलं, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "साहेब, आधी ह्या बाकावरून तरी उठवा." साहेबानं स्वतः आयुष्यात काही विकलं असेल तर एक जुनी सायकल, तीही मेव्हण्याला. मेव्हणा अजून त्याच्याशी बोलत नाही. पण पोहता न येणाराच काठावरून जास्त ओरडतो. साहेबाचा आवाज खणखणीत होता.

पोरं चहासाठी यायची आणि चहा संपला की जायची. करवत शेवटपर्यंत बसायची. तिला खोली वाचवायची होती.

साहेब तिच्या दुकानात आला, अर्धा दिवस स्टुलावर बसला, तिचा धंदा बघितला आणि घाम पुसत म्हणाला, "ताई, तुमचं काम उत्तम आहे. फक्त तुमचं तोंड..."

"तोंडाचं काय?"

"तेच. हेच. गिऱ्हाईक हा राजा असतो, ताई. राजाला कुणी म्हशीपेक्षा घाण म्हणतं का?"

"राजा घाण असला तर?"

"तरी नाही! आणि दुसरं, 'नाही' हा शब्द दुकानात उच्चारायचाच नाही. गिऱ्हाईक काहीही म्हणालं तरी, 'हो, होईल की.' चला, सराव करू. समजा, मी गिऱ्हाईक आहे." साहेब बाहेर गेला आणि रिकामी मूठ पुढं धरून आत आला. "मला हा विळा धार लावून हवाय."

करवतीनं मुठीकडं पाहिलं. "ह्यात विळा नाही."

"समजायचं, ताई."

"बरं. समजला. मूठ ढिली आहे ह्याची."

"अहो, ती माझी मूठ आहे! तुम्ही म्हणायचं, 'या, बसा. काय छान विळा आहे आपला!'"

करवतीनं दात आवळले, घसा खाकरला आणि म्हणाली, "या, बसा. काय छान विळा आहे आपला." त्या आवाजानं छपरावरचं मांजर उठून शेजारच्या घरी राहायला गेलं.

"वा!" साहेब म्हणाला. "आता हसून."

ती हसलीही. आईनं आतून डोकावून पाहिलं आणि पटकन लेकीच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता.

करवतीला हे सगळं थोतांड वाटत होतं. पण शिकलेला माणूस, चार गावं फिरलेला. आपलं तोंड आपल्याला आजवर कुठं घेऊन गेलं? थोरलीच्या उंबऱ्यापर्यंत. तिनं ठरवलं, कापणी होईपर्यंत गिळायचं.

पिकं पिवळी पडायला लागली. वारा सुटला की शेतं सळसळायची, जमिनीला भेगा पडल्या होत्या आणि दुपारी क्षितिजाला ढगांची एक काळी कड दिसायची. हाच धारेचा हंगाम. दूधवाला कुऱ्हाड घेऊन आला.

"या, बसा," करवत म्हणाली. "काय छान कुऱ्हाड आहे आपली."

दूधवाल्यानं मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. "कुणाला म्हणतेस?"

"आपल्यालाच. पाणी घेणार?"

दूधवाला पाणी न घेता गेला, आणि कुऱ्हाडही घेऊन गेला.

या गावात गोड बोलण्याला ठरलेला अर्थ होता. मत मागायला आलेला गोड बोलतो. मोठी सुई टोचायच्या आधी डॉक्टर गोड बोलतो. आणि बोकडाच्या पाठीवरून हात फिरवताना खाटीक. तेव्हा करवत गोड बोलायला लागली ही बातमी गावात साथीसारखी पसरली. कुणी म्हणालं, तिला काहीतरी झालंय. कुणी म्हणालं, चांगली पाती काढून घेते आणि हलकी बसवून देते. दूधवाला तर शपथेवर सांगायचा, "मला 'आपली' म्हणाली! त्या रात्री मी कडी लावून झोपलो." दुकानासमोरून जाताना लोक पलीकडच्या कडेनं चालायला लागले. गाढवाला गुळाची चव काय म्हणतात. पण या गाढवांना गुळात विष दिसायला लागलं होतं.

साहेब आठवड्यानं आला. "गिऱ्हाईक कमी झालंय," करवत म्हणाली.

"आणखी गोड बोला," साहेब म्हणाला.

काका रोज संध्याकाळी येऊन उंबऱ्याशी उभा राहायचा, आत बघायचा आणि जायचा. एकदा तर पावलांनी खोलीची लांबी मापून गेला.

मग गवतवाली मावशी आली. ही बाई बांधावरचं गवत कापून विकायची, त्यावर तिचं पोट. तिच्या विळ्याचं पातं निळसर पडलेलं करवतीला दारातूनच दिसलं. लोखंड फार तापलं की त्याचं पाणी उतरतं. वरून विळा तसाच दिसतो, पण आतून मेण होतो. त्याला धार लागते, टिकत नाही.

"चालेल ना गं अजून?" मावशीनं विचारलं.

करवतीच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. चालेल? हा विळा आता फक्त पाठ खाजवायला चालेल! पण दारात साहेब उभा होता आणि बोटानं ओठांचे कोपरे वर ओढून दाखवत होता.

"चालेल की, मावशी," करवत म्हणाली. "छान आहे."

धार लावून दिली. मावशी दुसऱ्या दिवशी परत आली. पहिल्याच जुडीला पातं दुमडलं होतं, तापल्या तव्यावर टाकलेल्या पानासारखं. दिवसभराचं काम गेलं होतं. करवतीला वाटलं, आता ही तोंड सोडणार. मावशी भांडलीच नाही. विळा फळीवर ठेवला आणि म्हणाली, "तुला दिसलं नव्हतं होय?"

करवतीनं दुमडलेल्या पात्यावरून बोट फिरवलं.

"दिसलं होतं ना? मग एक शिवी हासडली असतीस, तर मी काल गावातून उसना विळा तरी मागितला असता. तू गोड बोललीस, मी विश्वास टाकला. म्हटलं, एवढी तिखट पोर चांगलं म्हणतेय म्हणजे चांगलंच असणार."

मावशी गेली. करवत चाकापुढं बसून राहिली. पायाखालची फळी तिनं दाबली नाही. आजवर तिला कुणी काही म्हटलं तर ती दुप्पट परत करायची. याला परत करायला तिच्याकडं काहीच नव्हतं. शेवटी तिनं बापाचा जुना विळा भिंतीवरून काढला, त्याला धार लावली आणि मावशीच्या दाराशी ठेवून आली.

कापणी तोंडावर आली. साहेब त्या दिवशी फोटो काढायला आला होता: 'यशस्वी दुकान' म्हणून वर पाठवायला. यशस्वी दुकानात एक माशी आणि करवत अशा दोघीच होत्या. साहेब माशी बाजूला करून कोन जुळवत होता, तेवढ्यात मळेवाल्याची गाडी दारात येऊन थांबली. गावातला सगळ्यात मोठा मळा याचा, मिशीही सगळ्यात मोठी. मागं कापणीच्या बाया गाडीत उभ्या. मळेवाल्यानं विळ्यांचा भारा फळीवर आदळला. आवाज ऐकून समोरच्या पारावरचे रिकामटेकडेही जवळ सरकले.

"आभाळ भरून आलंय. माझं आधी. बाकीचे थांबतील."

"बोला, ताई," साहेब कुजबुजला. "या, बसा."

करवतीनं एक विळा उचलला. निळा. दुसरा उचलला. निळा. तिसरा उचललाच नाही.

"हे कुणी तापवले?"

"जुन्या मुठी निघत नव्हत्या," मळेवाला म्हणाला. "म्हटलं, जाळून टाका. घातले भट्टीत."

"अख्खे?"

"मग काय अर्धे? मीच सांगितलं."

"हसून," साहेब कुजबुजला.

"साहेब," करवत म्हणाली, "तुम्ही बाहेर उभे राहा. शिंतोडे उडतील."

आणि मग ती उठली.

"मळेवाले, एवढा मोठा मळा, एवढी मोठी मिशी, आणि दोन्हींच्या मधल्या जागेत काहीच नाही? मूठ काढायची तर विळ्याची मुठीत शिरलेली शेपटी तापवतात. तुम्ही तोंडच चुलीत घातलंत! तुमच्या बैलालाही कळतं, विस्तवात तोंड घालू नये. हे विळे नाहीत, मढी आहेत विळ्यांची, आणि मढ्याला मी धार लावत नाही. नाही म्हणजे नाही! उद्या पाऊस कोसळेल, पीक उभं आहे, आणि ह्या बाया ह्यानं काय कापणार? तुमचं नाक?"

गाडीतली एक बाई म्हणाली, "नाक तरी कुठं कापतंय गं ह्यानं!"

आधी गाडी हसली. मग पार हसला. मग समोरच्या खिडक्या हसल्या. मळेवाल्याची मिशी थरथरली. साहेबानं डोळे मिटून घेतले, बहुधा दुसरी नोकरी शोधत असावा. पण आभाळ काही हसत नव्हतं, ते गडगडलं. मळेवाल्यानं वर पाहिलं, भाऱ्याकडं पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "मग आता?"

"हे चारदोन निळे पडलेले नाहीत, भट्टीच्या तोंडाशी राहिले असतील, ते ठेवा. बाकीचे भंगारात. बाजारातून नवे आणा, जाड बघून आणू नका, वाजवून आणा. आणि परत येताना भट्टीला हात जोडून या."

मळेवाला गेला. आणि आला! नवे विळे घेऊन आला, वाजवून आणलेले.

दुसऱ्या दिवशी करवतीनं दार उघडलं तर बाहेर रांग.

काही भाबड्यांना वाटेल, गावाला खरं बोलण्याची किंमत कळली. छे! गावाला तमाशा कळला. मळेवाल्याला काय काय ऐकून घ्यावं लागलं ते प्रत्येकानं तीन-तीनदा ऐकलं होतं आणि आता शेजाऱ्याला काय ऐकावं लागतं ते बघायचं होतं. स्वतःचा विळा दाखवायचा म्हणजे तिकीट काढल्यासारखं. ज्यांच्या हत्यारांना धार होती त्यांनी मुद्दाम दगडावर घासून ती घालवली. एकानं तर सासूची सुरी आणली, सासूबद्दल काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून. दूधवाला सगळ्यात पुढं होता.

"मला बोल," तो म्हणाला. "मागच्या वेळी 'आपली' म्हणालीस, तेव्हापासून झोप नाही."

"तुला काय बोलायचं, ज्याच्या कुऱ्हाडीनं लाकूड फुटत नाही, लाजेनं चिरतं?"

दूधवाला तृप्त होऊन बाजूला झाला. शिव्या खाऊन धारेचे पैसे वर देऊन हसत जाणारी जनावरं करवतीनं पहिल्यांदाच बघितली. पण प्रत्येक पातं तिनं उजेडात धरून पाहिलं, आणि जे मेलं होतं त्याला मेलं म्हणाली.

साहेबाचं काय झालं? साहेबानं वर कळवलं की 'परखड ग्राहकसेवा' ही आपलीच कल्पना. पलीकडच्या गावात त्याच्या हाताखाली कोंबड्या विकणारा एक गरीब, लाजरा तरुण होता. साहेबानं त्याच्याकडून शिव्या पाठ करून घेतल्या. त्यानं पहिल्याच गिऱ्हाइकाला त्या ओळीनं म्हणून दाखवल्या. गिऱ्हाईक पैलवान निघालं.

साहेब धावत करवतीकडं आला. "ताई, तुमचं जमलं, त्याचं का नाही जमलं?"

"कोंबडी बघून बोलला होता का पाठ केलेलं?"

"पाठ केलेलं."

"मग मार बरोबर पडलाय. त्याला म्हणावं, तोंड बंद ठेव आणि कोंबड्या धष्टपुष्ट ठेव. आणि साहेब, त्याच्या औषधपाण्याला जाऊन या. ते तुमच्या पायांना जमेल."

कापणी संपत आली, शेतात नुसते खुंट उरले, तरी रांग काही आटेना. आता लोक कात्र्या, चाकू, खुरपी असं काय काय घरभर शोधून आणत होते. त्या शेवटच्या दिवशी काका आला. मागं खताच्या पोत्यांची गाडी. हातात भलंमोठं कुलूप. गावात सगळ्यांना ठाऊक होतं की दुकान चालतंय. काकालाही ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि दिलेला शब्द पाळणं वेगळं.

"कापणी संपली," काका मोठ्यानं म्हणाला. "खोली माझी. बाजूला व्हा सगळे."

कुणी बाजूला झालं नाही. करवतीच्या प्रेमानं म्हणाल तर तसलं काही नव्हतं. तिच्यासाठी त्यातल्या एकानंही कधी पावसात छत्री धरली नसती. पण सकाळपासून उन्हात उभे होते, आणि आपला नंबर यायच्या आधी दुकान बंद होणार हे त्यांना सहन होईना.

"ओ, मधे कुठं घुसता?"

"अहो, मी काका तिचा!"

"काका असाल नाहीतर आजोबा. मागं जा."

"माझी खोली आहे!"

"खोली असेल तुमची, नंबर आमचा आहे."

बोलणाऱ्यांच्या हातात नुकतीच धार लावलेली हत्यारं होती. कुणी ती उगारली नाहीत, नुसती धरली होती. काकानं त्या चकचकीत पात्यांवरून एकवार नजर फिरवली आणि तो ढकलला जात जात रांगेच्या शेपटाला जाऊन लागला. तिथून निघून जावं तर लोक हसतील. म्हणून कुलूप हातात धरून उभा राहिला. पोत्यांच्या गाडीचा बैल कंटाळून पोत्यांसकट घरी निघून गेला.

रांग पुढं सरकत होती. आई आतून बाहेर येऊन दाराला टेकून उभी राहिली. करवतीनं मान वर केली नाही. एक विळा, एक कात्री, एक कोयता. प्रत्येकाला दोन शब्द आणि एक धार.

शेवटी काकाचा नंबर आला. बाकीचे गेले नव्हते. थांबले होते, हे ऐकायला.

काकानं कुलूप पुढं केलं. काय बोलायचं ते तो रांगेत विसरला होता.

करवतीनं कुलूप हातात घेतलं. उजेडाकडं धरलं. उलटंसुलटं करून पाहिलं, नखानं टकटक केलं, आणि शांतपणे त्याच्या हातात परत ठेवलं.

"ह्याला धार लागत नाही, काका," ती म्हणाली. "पुढचा!"